मोजलेल्या धाग्यांचे धारवाड

बेळगावहून धारवाड सुमारे पाऊणशे किलोमीटर. हिरेबागेवाडी मागे टाकली की मलप्रभेच्या काठचे एम. के. हुबळी येते, आणि त्यापुढे कित्तूर. १८२४ साली राणी चन्नम्मेने कंपनी सरकारच्या फौजेला जेथे तोंड दिले, ते हेच. तेथून धारवाडपर्यंतची जमीन काळी, सपाट आणि थंडीच्या दिवसांत ज्वारीने भरलेली. १९५६ सालापर्यंत बेळगाव आणि धारवाड हे दोन्ही जिल्हे मुंबई राज्यात होते. त्यामुळे सोयरिकी, शिक्षण आणि नोकऱ्या यांच्या निमित्ताने या रस्त्यावर आमच्या घरांची ये-जा पूर्वापार आहे. ज्यांना १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, ते कन्नड कवी द. रा. बेंद्रे धारवाडचेच, आणि त्यांच्या घरातली भाषा मराठी.

बेळगावकरांच्या बोलण्यात धारवाड येते ते बहुधा तीन गोष्टींवरून. पेढे, गाणे आणि तिसरी गोष्ट आवाज उतरवून सांगण्याची, म्हणजे वेड्यांचे इस्पितळ. घरात कोणी विचित्र वागले की ‘याला आता धारवाडला धाडा’ असे थट्टेने म्हणण्याची रीत होती. त्या इस्पितळाच्या जागी आज मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान यांची मोठी शिक्षणसंस्था आहे. थट्टा मात्र अजून पुरती गेलेली नाही.

आम्ही सहाजणी मार्गशीर्षातल्या एका सकाळी निघालो त्या चौथ्याच गोष्टीसाठी. ती म्हणजे कसुती.

कसुती हे धारवाडकडचे भरतकाम. ‘कै’ म्हणजे हात आणि ‘सुती’ म्हणजे सूत, अशी या नावाची फोड सांगतात. आमच्या आज्यांच्या इरकली लुगड्यांवर, पदराच्या लगत, जी बारीक गोपुरे, पालख्या, रथ, अंबारीचे हत्ती, राघू आणि तुळशीवृंदावने असत, ती कसुतीची. लुगडे इळकलचे, म्हणजे आजच्या बागलकोट जिल्ह्यातले. त्याचा तांबडा टोपपदर निराळ्या ताण्याचा असून तो अंगाच्या ताण्याला फासे घालून मागावरच जोडलेला असतो. चोळीचा खण गुळेदगुड्डचा. भरणाऱ्या बायका मात्र धारवाड, हुबळी आणि आसपासच्या खेड्यांतल्या. आपल्याकडे पहिल्या संक्रांतीला सुनेला काळी चंद्रकळा नेसवतात, तसे या भागात नवरीसाठी काळे चंद्रकाळी लुगडे असे आणि त्यावर कसुती भरलेली असे. पदराजवळची चित्रे मोठी, आणि पदरापासून दूर जावे तसतशी लहान होत जाणारी. एवढे भरून व्हायला कित्येक महिने लागत, आणि तो काळ लग्न ठरण्याच्या काळजीचाच असे, हे विसरता येत नाही.

माळमड्डी भागातल्या एका जुन्या, ओसरीच्या घरात आमचा वर्ग भरला. शिकवणाऱ्या अक्का सत्तरीच्या पुढच्या. मातृभाषा कन्नड, पण मराठी आमच्याइतकीच वाहती. त्यांनी कोणताही नमुना दिला नाही, छाप दिला नाही, कापडावर पेन्सिलीची रेघही ओढू दिली नाही. दुसुती कापडाचा वीतभर तुकडा, बोथट टोकाची सुई आणि रेशमाचा एक पदर एवढेच हाती दिले आणि म्हणाल्या, “मोजा की. घाई कुणाला आहे?”

कसुतीचे सारे मर्म या मोजण्यात आहे. कापडाचे उभे-आडवे धागे मोजून टाका घालायचा. चित्र आधी डोक्यात असते, कापडावर नसते. टाके चार. गवंती म्हणजे सरळ रेषेचा दुहेरी टाका. मुर्गी म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांनी चढणारा. नेय्गे हा विणल्यासारखा दिसणारा लांब-आखूड धावदोरा. आणि मेंथे, म्हणजे मेथी, हा भरगच्च फुलीचा टाका. ‘गवंती’ हा शब्द कन्नडमधल्या गाठ या अर्थाच्या ‘गंटु’वरून आला असे म्हणतात. गंमत अशी की, कसुतीत गाठ मारायला सक्त मनाई आहे. दोऱ्याची दोन्ही टोके टाक्यांच्या आतच जिरवायची. गवंती आणि मुर्गी नीट घातली असेल तर कापड उलटे केले तरी चित्र तेच दिसते. युरोपातही हा दुहेरी टाका आहे. सोळाव्या शतकातील चित्रकार होल्बाइन याने रंगवलेल्या माणसांच्या बाह्यांवर तो दिसतो, म्हणून तिकडे त्याला होल्बाइनचेच नाव पडले आहे.

गवंती कशी घालतात ते जरा सविस्तर सांगितले पाहिजे. तीन धागे सोडून सुई खाली, पुन्हा तीन सोडून वर, असे करीत रेषेच्या टोकापर्यंत जायचे. या पहिल्या फेरीत रेषा अर्धीच उमटते. एक टाका, एक फट, असे तुटक. नवशिकीला वाटते की काही जमले नाही. मग टोकाशी वळायचे आणि त्याच वाटेने परत येत, जाताना राहिलेली प्रत्येक फट भरायची. जाताना कुठे एक धागा जास्त मोजला गेला असेल, तर परतीच्या वाटेवर टाक्याला टाका मिळत नाही आणि चूक आपणहून समोर येते. ती कोणी दाखवावी लागत नाही. तेवढे चार टाके उसवायचे आणि पुन्हा मोजायचे. कापड बिघडत नाही, रेशीमही बहुधा वाया जात नाही.

आमच्यातल्या एका वहिनींसाठी आम्ही हे सारे जमवले होते, हे येथे सांगायला हरकत नाही. त्यांनी तशी परवानगी दिली आहे. यजमानांच्या दीर्घ आजारात चार वर्षे त्यांनी औषधांच्या वेळा, बिले, इस्पितळाच्या चिठ्ठ्या असे सारे एकटीने सांभाळले. ते गेल्यावर मात्र हात एकदम रिकामे झाले आणि झोप उडाली. बँकेत सही करताना हात थरथरतो, सही जुळत नाही, म्हणून त्यांनी बँकेत जाणेच सोडले. भाजी कोणती आणू, हेही सुनेला विचारू लागल्या. ज्या बाईने घराचा जमाखर्च तीस वर्षे चोख ठेवला, तिला ‘मला आता काही जमत नाही’ असे म्हणताना ऐकणे आम्हाला फार जड गेले.

पहिल्या दिवशी वहिनींची रेषा तीनदा चुकली. प्रत्येक वेळी त्यांनी कापड अक्कांपुढे धरले आणि विचारले, “बरोबर आहे का?” अक्का हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. “परत येताना कळेल,” एवढेच बोलून त्या चहाचे पाहायला आत गेल्या. आम्हाला ते थोडे कठोर वाटले. चौथ्या वेळी वहिनी टोकाशी वळल्या, दोन टाके भरले, थांबल्या आणि कोणालाही न विचारता उसवू लागल्या. पाचव्या फेरीला रेषा पुरी झाली. त्यांनी कापड उलटे करून पाहिले. मागेही तीच रेषा होती.

तासभर त्या ओसरीवर कोणी फारसे बोलले नाही. एरवी आम्ही सहाजणी एकत्र जमलो की कोणाच्या पोटात काय दुखते हे पाच मिनिटांत साऱ्यांना कळते. पण ओठांत ‘एक, दोन, तीन’ चालू असताना दुसरा विचार शिरायला जागाच उरत नाही. जपमाळ ओढताना मन भटकते, हा पुष्कळांचा अनुभव आहे. येथे मन भटकले की रेषाच सांगते. हातकामाचा असा उपयोग वैद्यकालाही ठाऊक आहे. व्यवसायोपचार म्हणून जी शाखा आहे तिचा विस्तार पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांमुळे झाला. लंडनमध्ये तर १९१८ साली अपंग सैनिकांसाठी भरतकामाची संस्थाच निघाली होती. बंदुका धरलेल्या हातांनी सुई धरली, आणि त्यांच्या कामाला मागणीही होती.

तथापि सुईचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकून ठेवणे बरोबर नाही. अक्कांच्या शेजारी एक बाई दुकानासाठी कसुती भरतात, नगावर मजुरी घेऊन. काळ्या लुगड्यावर काळेच धागे मोजायचे, तेही ठरलेल्या तारखेच्या आत. त्यांना आम्ही ‘मनाला किती बरे वाटत असेल’ असे म्हटल्यावर त्या हसल्या आणि डोळ्यांना लावायच्या थेंबांची बाटली दाखवली. त्यांचे म्हणणे योग्यच आहे. काम तेच, टाका तोच. पण विसावा मिळतो तो वेळ स्वतःच्या हातात असलेल्यालाच. म्हणून खऱ्या कसुतीचे लुगडे विकत घेताना घासाघीस करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. यंत्रावर भरलेल्या किंवा नुसत्या छापलेल्या नमुन्यांनाही कसुती म्हणून विकतात. कापड उलटवून पाहिले की बहुधा ओळखू येते.

आणि ज्यांची झोप आठवडेच्या आठवडे उडाली आहे, जेवणावरची वासना गेली आहे, जगणे नकोसे झाले आहे, त्यांना सुई-दोरा देऊन स्वस्थ बसू नये. डॉक्टरांकडेच न्यावे. वहिनीही आधी डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या, गोळ्या चालू होत्या, आणि कसुतीला त्यांची आडकाठी नव्हती. ‘धारवाडला धाडा’ या थट्टेमुळे किती घरांनी वेळेवर उपचार केले नाहीत, कोण जाणे.

घरी आरंभ करायचा असेल तर फार खटाटोप नको. वीतभर दुसुती किंवा मॅटी, पांढरी किंवा फिकी. काळे कापड पहिल्यांदा मुळीच घेऊ नये. दोऱ्याची लडी घेऊन तिचे सहा पदर सोडवावेत आणि एक वा दोन पदरच ओवावेत. दोरा हातभरापेक्षा लांब घेतला तर गुंता होतो. दिवसाच्या उजेडात, खिडकीशी बसावे. प्रथम एक सरळ रेषा जाऊन-येऊन, मग चौकोन, मग मुर्गीच्या पाच पायऱ्या. उजवी-डावीकडून चढलेल्या पायऱ्या वर मिळाल्या की गोपूर होते. अर्ध्या तासापेक्षा अधिक एका बैठकीला बसू नये आणि रेषा अर्धवट असताना उठू नये. परतीची फेरी पुरी करूनच सुई टोचून ठेवावी, असा अक्कांचा दंडक आहे. तुळशीवृंदावन भरायची घाई सर्वांनाच असते. ते गोपुराच्या आधी त्या शिकवीत नाहीत.

परतताना लाइन बाजारात पेढे घेतले. शेजारच्या कापडाच्या दुकानात वहिनींनी दुसुतीचा एक मीटर मागितला, तो उजेडात धरून धागे पाहिले आणि ‘हा विरळ आहे, दुसरा दाखवा’ असे दुकानदाराला सांगितले. आता त्या गोपुराच्या तिसऱ्या पायरीवर आहेत. येत्या महिन्यात आम्हाला पुन्हा धारवाडला जायचे आहे. अक्कांनी या खेपेला कळवले आहे की, चष्म्याचा नंबर तपासून या.