लाली साडी

मुलांनो, वर्गात मी 'बाई' असते. पण गेल्या वर्षी दर रविवारी मीच वही-पेन घेऊन विद्यार्थिनी व्हायचे. फ्रेंच शिकायला!

फ्रेंचमध्ये लिंगं दोनच, नपुंसकलिंग नाहीच. आणि आपल्या 'काळा-काळी'सारखी तिथली विशेषणंही नामाप्रमाणे बदलतात. 'सुंदर'चं पुल्लिंगी रूप 'बो', स्त्रीलिंगी 'बेल'. त्यांची बाग पुल्लिंगी, म्हणून 'बो जार्दँ'. फूल स्त्रीलिंगी, म्हणून 'बेल फ्लर'. झाडही पुल्लिंगी. मग काय, मी ऐटीत लिहिलं, 'बो आर्ब्र'. वहीत लाल गोल! बरोबर उत्तर होतं 'बेल आर्ब्र'.

सर म्हणाले, "तुम्ही नियम बरोबरच लावलात. पण हा शब्द नियमाहून हट्टी आहे."

त्याचं कारण मोठं गमतीचं आहे. फार पूर्वी पुल्लिंगी रूपही 'बेल'च होतं. पुढे व्यंजन आलं की त्यातल्या 'ल'चा उच्चार 'उ'सारखा होत गेला आणि हळूहळू 'बो' झाला. पुढे स्वर आला, जसा 'आर्ब्र'मधला 'आ', तिथे जुना 'ल' तसाच टिकला. 'नवा' या अर्थाचा 'नूव्हो'ही असाच स्वरापुढे 'नूव्हेल' होतो.

घरी येताना मला माझ्या वर्गातली एक मुलगी आठवली. तिच्या घरी तेलुगू बोलतात. वाचून दाखवताना ती म्हणाली होती, "आईने लाली साडी नेसली." सगळा वर्ग हसला, आणि खरं सांगते, मीही हसले. त्या दिवसापासून तिने वाचायला हात वर केला नव्हता.

पण तिचं काय चुकलं? काळी साडी, निळी साडी, पिवळी साडी. मग लाली का नाही? नियम तिला पक्का कळला होता. हट्टी होता तो आपला 'लाल'!

दुसऱ्या दिवशी मी वर्गात माझी वही दाखवली, लाल गोलासकट. तिचं काय बरोबर होतं तेही सगळ्यांना सांगितलं. तिने हळूच विचारलं, "बाई, तुम्हाला पण सगळे हसले?"

"नाही गं," मी म्हटलं, "मला कुणीच हसलं नाही."

म्हणून तर मी दुसऱ्या रविवारी पुन्हा गेले. आणि त्या दिवशी तिचा हात वर आला.

तुमच्या वर्गात कुणी 'लाली साडी' म्हणालं, तर तुम्ही काय कराल?