पत्रा आतून का सडतो?

लोखंड, हवा आणि पाणी एकत्र आलं की गंज चढतो, हे आपण सगळेच शिकवतो. खिळा पाण्यात ठेवायचा, चार दिवसांनी बाहेर काढून दाखवायचा, झाला धडा. पण आमच्या भिवपुरीकडच्या वाडीवरच्या मुलांनी मला पुढचा प्रश्न विचारला. "बाई, पाऊस तर पत्र्याच्या वर पडतो. मग पत्रा खालून का सडतो?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. गृहभेटीला गेलात की मान वर करून बघा. चूल किंवा शेगडी जिथे असते, तिथलाच पत्रा आधी काळा होतो, मग तांबूस होतो आणि दोन-चार पावसाळ्यांत खिळ्याच्या भोकापासून चाळणी व्हायला लागतो. बाकीचा पत्रा मात्र अजून चांगला असतो.

मुलं पहिलं उत्तर देतात, "आगीने जळतो." तसं नाही. आपला पांढरा पत्रा म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा. जस्त वितळायला सुमारे ४२० अंश सेल्सिअस तापमान लागतं. पाच-सहा फूट खाली पेटलेल्या शेगडीने पत्रा तेवढा तापत नाही. उष्णतेने तो थोडा प्रसरण पावतो, एवढंच. दहा फुटी पत्रा ४० अंशांनी तापला तर जेमतेम दीड मिलिमीटर वाढतो. दुपारी आणि संध्याकाळी छपरातून टक-टक आवाज येतो, तो याचाच. रोजच्या या ओढाताणीने खिळ्यांची भोकं सैल होतात, पण गंजाचं मुख्य कारण ते नव्हे.

खरं कारण आहे धूर आणि घाम. हो, पत्र्यालाही घाम सुटतो! रात्री पत्रा गार पडतो, घरातली वाफ त्याला खालून चिकटते आणि थेंब धरते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे रोजचंच. वरून पडणारा पाऊस पत्रा धुऊन काढतो, आतला घाम मात्र काजळीत मुरून बसतो. लाकडाच्या धुरात ॲसेटिक आम्ल असतं, म्हणजे व्हिनेगरमध्ये असतं तेच. दगडी कोळशात गंधक असतं. ते जळून सल्फर डायऑक्साइड होतो आणि ओलाव्यात मिसळून आम्ल बनतो. कोरड्या, स्वच्छ हवेत जस्त स्वतःवर एक संरक्षक थर तयार करतं. आम्ल तो थर विरघळवतं.

आणि मुलामा असतो तरी किती जाड? दर चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्ताचा पत्रा घेतला तर एका बाजूला साधारण ८ मायक्रॉन. म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीचा आठवा-दहावा भाग! तो संपला की खाली उघडं लोखंड.

हा विषय आपल्या गावाच्या इतिहासालाही जोडता येतो. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली तेव्हा कर्जतहून वर चढणारी इंजिनं दगडी कोळशावर चालत. मुंबईच्या गिरण्यांची धुराडीही कोळशाचीच. पुढे १९१५ मध्ये खोपोलीचं आणि १९२२ मध्ये आपल्या भिवपुरीचं टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि घाटावरून उतरणाऱ्या पाण्याची वीज गिरण्यांना मिळू लागली. १९३० च्या सुमारास कल्याण-पुणे मार्गावर विजेची इंजिनं धावू लागली. मुंबईचा धूर कमी करणारं गाव हे. पण त्याच गावाजवळच्या वाडीत आज सिलिंडर संपला की चूल पेटते आणि थंडी-पावसात शेगडी.

आता जरा नीट वाचा, कारण मला खरं सांगायचं आहे ते पुढेच आहे.

धूर जास्त, तर काजळी जास्त आणि गंजही जास्त. म्हणजे पत्रा हा एक साक्षीदार आहे. त्याच्यावर जे चढतं तेच खाली बसलेल्या आईच्या आणि मुलांच्या छातीत जातं. पण हा साक्षीदार एका बाबतीत मुका आहे. लाकडी कोळशाचा निखारा जवळजवळ धूर करत नाही. त्यात गंधकही नाममात्र. त्याने पत्रा फारसा काळा होत नाही, डोळेही चुरचुरत नाहीत. म्हणून लोकांना तो सुरक्षित वाटतो. पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. माणसाला गुंगी येते आणि झोपेतच जीव जाऊ शकतो.

आपल्याकडे बाळंतिणीला आणि बाळाला शेकशेगडी देतात. ओवा, बाळंतशोपा, लसणीची सालं टाकून धुरी करतात. गेल्या पावसाळ्यात एका विद्यार्थिनीच्या घरी गेले तर तिच्या आईची खोली पूर्ण बंद. पत्र्याच्या आणि भिंतीच्या मधली फटसुद्धा गोणपाटाने बुजवलेली. खाटेखाली निखारे. बाळंतीण म्हणाली, डोकं फार दुखतंय. मी खिडकी उघडायला लागले तशा आजी म्हणाल्या, "बाई, लेकराला वारा लागंल."

त्यांचंही चुकत नव्हतं. बाळाला ऊब हवीच. मी म्हटलं, "आजी, शेक बंद नका करू. शेक देताना दार उघडं ठेवा, फट मोकळी करा आणि शेक झाला की शेगडी लगेच पडवीत न्या. झोपताना आत नको. ऊब गोधडीची द्या." आजींनी आधी माझ्याकडे बघितलं, मग सुनेकडे. गोणपाट त्यांनी स्वतः ओढून काढलं. थोड्या वेळाने पडवीत येऊन बसलेल्या बाळंतिणीला बरं वाटलं.

तुमच्या वर्गासाठी दोन गोष्टी सुचवते.

१) नव्या पत्र्याचे दोन छोटे तुकडे घ्या (कडा घासून बोथट करा). एक साध्या पाण्यात, एक व्हिनेगरमध्ये ठेवा. व्हिनेगरमधल्या तुकड्यावर बारीक बुडबुडे दिसतील, चकाकी जाईल. आठवडाभर रोज नोंद ठेवायला सांगा.

२) मुलांना घरच्या छपराचं चित्र काढू द्या. काळा भाग, गंजलेला भाग, चुलीची जागा आणि हवा बाहेर जायची वाट दाखवायला सांगा. ज्या चित्रात वाट नसेल, त्या घरी आधी जा.

पालकसभेत एवढं नक्की सांगा: चूल शक्यतो पडवीत हलवा, पावसाळ्याआधी काजळी झाडून पत्र्याला आतून प्रायमर मारा, छपराखालची फट बुजवू नका. शेगडीजवळ डोकं दुखलं, मळमळलं, गुंगी आली तर माणसाला लगेच मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. पत्रा सडला तर नवा आणता येतो.