आजीचा धूमकेतू आणि 60 ची मोटर

लष्करच्या जुन्या आठवणी निघाल्याच आहेत, तर ही एक माझीही.

1985 च्या दिवाळीत आमच्या आत्तेभावानं अमेरिकेहून दुर्बीण आणली. हॅलेचा धूमकेतू यायचा होता. आजी ऐंशीच्या पुढची. 1910 साली लहानपणी तिनं तो पाहिलेला, म्हणून आता परत बघायचाच हा हट्ट. पण दुर्बीण रोखून तिला खालून छतावर आणून स्टुलावर बसवेपर्यंत पाव तास जायचा, अन् तेवढ्यात तारा पसार! मोटरनं दुर्बीण ताऱ्यामागं फिरायला हवी होती.

मोटर 110 व्होल्टची. बाड्यावरून ट्रान्सफॉर्मर आणला. मोटर फिरली, पण तारा सरकतच होता. मी कॉमर्सवाला, हिशेब मांडला. तासाला 15 अंश फिरायला हवेत, चकतीवर भरले साडेबारा. सहातले पाच! मग मोटरवरची पट्टी वाचली: 60 हर्ट्झ. असली मोटर व्होल्टवर नाही, विजेच्या ठेक्यावर पळते, आणि आपला ठेका 50 चा. (तोही तेव्हा नावालाच, संध्याकाळी लोड वाढला की आणखी खाली जायचा.) ट्रान्सफॉर्मर ठेका बदलत नाही.

बाड्याजवळचा रेडिओ मेकॅनिक म्हणाला, "भाईसाहब, साठ तो घर में बनाना पड़ेगा." त्यानं 555 ची चिप, दोन जाड ट्रान्झिस्टर आणि 12 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर उलटा जोडून डबा केला. मोटारीच्या बॅटरीवर तो 230 व्होल्ट द्यायचा, ते आमच्या आधीच्या ट्रान्सफॉर्मरमधून 110 होऊन मोटरला. पहिला खर्च वाया गेला नाही याचंच मला जास्त समाधान! डब्याला एक बटण होतं. ते फिरवत फिरवत तारा जागेवर थांबेपर्यंत ठेका जुळवला. वर बिजली गेली तरी चिंता नाही, उलट मोहल्ल्यात छान अंधार.

1986 च्या संक्रांतीआधी, अमावास्येच्या सुमारास, पश्चिमेला कुंभ राशीत तो सापडला. आजीला आणलं, बसवलं. धूमकेतू तिथंच होता. बराच वेळ ती डोळा लावून बसली.

"हा तो नव्हेच रे. हा तर कापसाचा बोळा. आमचा केवढा लांब शेपटीचा होता! आईनं गोधडीत गुंडाळून दाखवला होता."

आम्ही हसलो. पुढं कितीतरी वर्षांनी वाचलं, 1910 च्या जानेवारीत एक वेगळाच मोठा धूमकेतू दिसला होता, हॅलेच्या आधी. हॅले आला तो एप्रिल-मे मध्ये. ग्वाल्हेरला मे महिन्यात गोधडी कोण घेतं?