शीतगृहातली धग

रात्री दिवा मालवून पुन्हा ‘दिस हीट’ ऐकलं. लंडनमधल्या तिघांचा बँड: चार्ल्स हेवर्ड, चार्ल्स बुलन, गॅरेथ विल्यम्स. १९७६ साली जमले. मोठे अल्बम दोनच, १९७९ आणि १९८१चे. ब्रिक्स्टनमध्ये मांसाचे पदार्थ बनवणाऱ्या जुन्या कारखान्यातलं शीतगृह हा त्यांचा स्टुडिओ.

‘२४ ट्रॅक लूप’ लागलं की मी हातातलं काम बाजूला ठेवते. वाजवलेल्या ड्रमचा एक छोटा तुकडा, त्या फितीची टोकं जोडून केलेलं वेटोळं, आणि तेच गरगर फिरत राहतं. मिक्सरवर आवाज वरखाली होतात, चिरकतात, बुडतात. चाल तीच, तरी दर फेरीला कान वेगळंच काही पकडतो. संगणकाआधीचं हे हाताचं काम! आणि त्यांच्या दुसऱ्या अल्बमवर तर अणुयुद्धाची भीती आहे, खरीखुरी, पोटातली.

गॅरेथला रूढ अर्थानं वाद्य वाजवता येत नव्हतं. तरीही, किंवा मला वाटतं म्हणूनच, त्याचा ऑर्गन इतका निर्भय आहे. पुढे तो बँड सोडून केरळात कथकली शिकायला आला. २००१ साली तो वारला. आज त्याचा ऑर्गन ऐकताना कथकलीतल्या चेंड्याचे ठोके सारखे आठवत राहिले.