सिपनाकाठची नोकरी

परतवाड्याहून एस.टी. घाटाला लागली की दोन्ही बाजूंनी साग सुरू होतो. पुढे सेमाडोह, मग कोलकास, आणि खाली सिपना नदी. कोरकू भाषेत सिपना म्हणजे साग. हे आम्हाला कोणत्या पाटीने नाही, वाटेतल्या एका कोरकू पोराने सांगितले. शहरी पाहुण्याला हेच ऐकायचे असते.

देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी मेळघाट हा एक, १९७३-७४ चा. त्यासाठी गावे उठली. बोरी, कोहा, कुंड अकोटकडे खाली आली. पुढे केलपाणी, गुल्लरघाटही उठले. परत जंगलात गेलेल्या लोकांचा जानेवारी २०१९ मध्ये वनखात्याशी संघर्ष झाला. ज्यांच्या चुली हलल्या, त्यांच्या पोरांना पर्यटकांच्या चुलीवरचे काम आधी मिळायला नको काय?

शिकण्याची सोय अगदीच नव्हती असे नाही. केंद्राच्या पर्यटन खात्याने २००९-१० मध्ये 'हुनर से रोजगार तक' आणली. तिच्यात आठवी पास मुलामुलींना काही आठवड्यांत स्वयंपाक आणि वाढप मोफत शिकवीत. व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांसाठी राज्याने २०१५ मध्ये डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना काढली.

आता आमचे रोखठोक मत. चादर ताणणे, ताट मांडणे हे चांगलेच काम आहे, त्यात कमीपणा नाही. ज्यांच्या हातचे पाणी चालत नव्हते, त्यांच्याच हातचा चहा लोकांनी मागून घ्यावा, ही लहान गोष्ट नव्हे. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या मदतीने गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले आणि महाराज स्वतः तिथे चहा घेत. पण बाप्पा, ते हॉटेल कांबळ्यांचे होते! आपली पोरे मोरीवर आणि गल्ल्यावर बाहेरचा माणूस, असे शिक्षण अर्धेच. खोल्यांची नोंदवही, बिल, बाजाराचा हिशेब हेही शिकवा म्हणून पोरांनी मागावे. पोरींनी तर आधी मागावे.

अकोल्याकडच्यांना नरनाळा किल्ल्याच्या पायथ्याचे शहानूर जवळ. अकोटहून पोपटखेडमार्गे जाता येते. एकदा पोरांना घेऊन जा, काम कसे चालते ते त्यांना पाहू द्या. पावसाळ्यात जंगलाच्या गाभ्यातली सफारी बंद असते. त्या महिन्यांचा पगार मिळणार की नाही, हे कामाला लागण्याआधीच विचारून घ्यावे.