निळा पडदा आणि मोडीचे रुमाल

संगणक वारंवार कोलमडू लागला की घरातील मंडळींचा निवाडा ठरलेला असतो : यंत्र जुने झाले, नवे घ्या. दुकानातील तंत्रज्ञाचा निवाडाही फारसा निराळा नसतो. फरक इतकाच, की तो इंग्रजी शब्दांत दिला जातो. मला मात्र गेल्या वर्षीच्या अनुभवावरून असे वाटू लागले आहे की, या खटल्यात पुष्कळदा भलत्याच आरोपीला शिक्षा होते.

आमच्या इंदुरात, शेजारच्या वाड्यातील आजींजवळ मोडी कागदांचे तीन रुमाल होते. होळकर दरबारी नोकरीस असलेल्या त्यांच्या आजेसासऱ्यांची घरगुती पत्रे आणि जमाखर्च. वाडा विकला गेला होता. दिवाळीनंतर आजी मुलाकडे बंगळुरास जाणार होत्या, आणि तेथील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात या बोचक्यांना जागा मिळेल अशी खात्री खुद्द आजींनाही नव्हती. मला मोडी थोडीफार वाचता येते, म्हणून त्या कागदांच्या प्रतिमा संगणकात उतरवून ठेवण्याचे काम मी भाद्रपदात अंगावर घेतले. भाच्याने सपाट काचेचा एक स्कॅनर आणून दिला.

दहा-बारा पाने झाली की पडदा निळा व्हायचा आणि संगणक आपण होऊन पुन्हा सुरू व्हायचा. एरवी अशा वेळी माणूस चहा करून घेतो. येथे मात्र अर्धवट राहिलेला कागद पुन्हा काचेवर पसरावा लागे, आणि कसरीने चाळण झालेल्या त्या कागदाची प्रत्येक घडी उलगडताना कडेचा थोडा भुगा हाती येई. बोरूने लिहिलेले एखादे अक्षर त्या भुग्यात जाते आहे, हे डोळ्यांना दिसत असे. तंत्रज्ञाने येऊन मदरबोर्ड गेल्याचे जाहीर केले व नव्या संगणकाची किंमत सांगितली.

स्कॅनर, छपाईयंत्र, माऊस अशी जी उपकरणे आपण संगणकाला जोडतो, त्यांची भाषा त्याला जन्मतः येत नाही. त्यासाठी दुभाषा लागतो. त्यास ड्रायव्हर म्हणतात. नेहमीचे कार्यक्रम वाड्यातल्या भाडेकऱ्यांसारखे असतात. एकाने आपल्या खोलीत गोंधळ घातला, तर त्याची खोली बंद करता येते. बाकीचा वाडा चालू राहतो. परंतु पुष्कळसे ड्रायव्हर थेट माजघरात, कर्नेल नावाच्या गाभ्यात, साऱ्या किल्ल्या कमरेला लावून वावरतात. तेथे त्यांनी नको त्या स्मृतीला हात घातला, तर विंडोज सगळेच काम थांबवते, कारण पुढे चालू राहिल्यास साठवलेला मजकूरही नासण्याची भीती असते. निळा पडदा भयंकर दिसतो खरा. तथापि तो प्रामाणिक आहे, असे माझे मत झाले आहे.

यात मोठ्यांचीही फजिती चुकलेली नाही. २० एप्रिल १९९८ रोजी शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यादेखत विंडोज ९८चे प्रात्यक्षिक चालू असताना त्यांच्या सहकाऱ्याने एक स्कॅनर जोडला आणि भर सभेत निळा पडदा झळकला. गेट्स यांनी, म्हणूनच हे अजून बाजारात आणलेले नाही, अशा अर्थाचा विनोद करून वेळ निभावली. पुढे २००३ साली वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांच्या एका निबंधात विंडोज एक्सपीच्या नोंदल्या गेलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरमुळे होतात, असे नमूद झाले. आणि १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कार्यक्रमाच्या एका सदोष फाइलीने जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक पाडले. आपल्याकडे काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. तो कार्यक्रम काही उपकरणाचा दुभाषा नव्हे, पण त्याचाही मुक्काम माजघरातच होता.

भाचा दूर नागपुरास. त्याने फोनवर एकच अट घातली : "मावशी, एका वेळी एकच बदल कर, आणि वहीत लिहून ठेव." आधी विंडोजमध्येच असलेली स्मृतीची चाचणी रात्रभर लावली, दोष निघाला नाही. मग मिनिडंप नावाच्या फोल्डरात प्रत्येक कोसळण्याची जी नोंद राहते, ती त्याला पाठवली. पाचही नोंदींत एकाच फाइलीचे नाव होते, आणि ती स्कॅनरसोबत आलेल्या नियंत्रक कार्यक्रमाची निघाली. स्कॅनरवरील बटण कोणी दाबते की काय, हे पाहत तो कार्यक्रम अहोरात्र जागा असे. तरीही मी स्कॅनरची वायर काढून दोन दिवस नुसते लिखाण केले. निळा पडदा आलाच! म्हणजे वायर, काच, दिवा सारे निर्दोष. त्यानंतर सेफ मोडमध्ये, जेथे अत्यावश्यक तेवढेच ड्रायव्हर जागे होतात, संगणक दिवसभर मुकाट चालला.

निर्मात्यांच्या संकेतस्थळावर नवी आवृत्ती शोधली, तर ती कित्येक वर्षांपूर्वीच थांबलेली. (सगळे ड्रायव्हर फुकटात अद्ययावत करून देतो म्हणणारे जे कार्यक्रम जाहिरातींतून डोकावतात, त्यांना वाचकांनी दारातूनच परत पाठवावे हे बरे. अनोळखी माणसाच्या हाती किल्ल्या देण्यासारखेच ते.) अखेर तो नियंत्रक कार्यक्रम मुळासकट काढून टाकला, संगणक पुन्हा सुरू केला आणि विंडोजच्या स्वतःच्या स्कॅन करण्याच्या सोयीवर काम चालू केले. स्कॅनरवरचे हिरवे बटण तेव्हापासून मुके आहे. प्रत्येक पानाला माऊस दाबावा लागतो. पण संगणक तोच आहे, आणि मदरबोर्डही तोच.

तिसऱ्या रुमालातील अखेरचा कागद धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी उतरून झाला. एकूण चारशे बारा पाने. त्यांची एक प्रत भाच्याकडे आहे, एक माझ्याकडे. तिसरी पेन ड्राइव्हवर घालून दिली, ती आजींनी देव्हाऱ्याखालच्या पेटीत अंगाऱ्याच्या डबीशेजारी ठेवली, आणि रुमाल पुन्हा आपल्या हातांनी बांधले.