परक्या वेढ्यातील प्रथिन
पेशीपटलात वसणाऱ्या प्रथिनाचे स्वभाव दोन. त्याची टोके पाण्यात रमतात. मधला भाग मात्र पाण्याला विटलेला, स्निग्ध रेणूंच्याच कुशीत सुखावणारा. पटलातून उपटताच ते पाण्यात साकळते. साबणाच्या जातीच्या रेणूंनी त्याची कंबर वेढली तर ते तगते खरे. पण वेढा इतका जाड, की शेजाऱ्याला शेजारी बिलगता येत नाही, आणि बिलगल्यावाचून स्फटिक कसला? १९७० च्या दशकात असे स्फटिक जवळजवळ अशक्यच मानले जात. जाणत्यांचे एकमत पुष्कळदा आळसातून आलेले असते.

१९७८ साली हार्टमुट मिशेल यांना शीतपेटीत ठेवलेल्या बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन या प्रथिनाचे काचेसारखे घट्ट गोळे आढळले. तेवढ्या आधारावर ते हट्टाला पेटले. १९८१ मध्ये म्युनिकजवळील मार्टिनस्रीड येथे एका प्रकाशजीवी जिवाणूच्या अभिक्रियाकेंद्राचे स्फटिक त्यांना लाभले. हेप्टेनट्रायॉलचे चिमुकले रेणू मिसळून त्यांनी साबणाचा वेढा आखूड केला होता. क्ष-किरणांच्या साहाय्याने डायसनहोफर आणि हुबर यांच्यासह १९८५ पर्यंत रचना उलगडली. १९८८ चे नोबेल तिघांना मिळाले.

तरी शंका उरतेच. घर हिरावून, असंख्य जुळ्यांच्या रांगेत निश्चल उभे केलेले प्रथिन घरातल्यासारखेच असेल काय? संहितेला तिच्या भाषेबाहेर वाचणाऱ्यांना ही शंका परिचित आहे. १९९६ मध्ये लांडाऊ आणि रोझेनबुश यांनी स्निग्ध द्रव्याच्याच चिकट, सलग माध्यमात स्फटिक वाढवले. प्रथिन होते बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन, शीतपेटीतले तेच.